उंचीचा रकाना शेवटी भरा

२५ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डॅलस मॅव्हरिक्स संघाने ५२व्या क्रमांकावर सतनामसिंग भामराचे नाव पुकारले. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यातले बल्लो के हे त्याचे गाव, घर शेतकऱ्याचे, वय १९ आणि उंची सात फूट दोन इंच. या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. देशभर त्याचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्याच महिन्यात त्याच लीगमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे आपल्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. अंतिम मालिकेत १-२ असे मागे पडल्यावर गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात रिंगजवळ खेळणाऱ्या सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला पहिल्या पाचांतून काढले आणि सहा फूट सहा इंचांच्या आंद्रे इग्वोडालाला घेतले. सेंटरचे काम साधारण तेवढ्याच उंचीच्या ड्रेमंड ग्रीनकडे आले. पुढचे तिन्ही सामने जिंकून १६ जूनला वॉरियर्स विजेते झाले. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून इग्वोडालाची निवड झाली.

आपला सात फुटी मुलगा त्या दारात पोहोचला, तेव्हा सात फुटांचा भाव नुकताच उतरला होता. सतनामने एनबीएच्या खालच्या पायरीवरच्या डी-लीगमध्ये टेक्सास लेजेंड्सकडे दोन हंगाम काढले. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१५च्याच एप्रिलमध्ये कॅनडात वाढलेला भारतीय वंशाचा सिम भुल्लर, उंची सात फूट पाच इंच, सॅक्रामेंटो किंग्जकडून उतरला होता. एनबीएत तो तीन सामने खेळला आणि तिथेच ते प्रकरण संपले. या मुलांच्या मेहनतीत खोट काढायला जागा नाही. लुधियानाच्या अकादमीत घडलेला सतनाम चौदाव्या वर्षी घर सोडून, भाषा येत नसताना, फ्लोरिडात जाऊन राहिला. खोट आहे ती आपल्या एका जुन्या समजुतीत. उंची तेवढी हुडकून आणा, बाकीचे शिकवता येते, असे आपण मानतो. दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासासारख्या ठिकाणी या समजुतीची झळ सर्वांत जास्त बसते, म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे.

या खेळात उंचीला मोल आले ते एका योगायोगाने. डिसेंबर १८९१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांना हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ हवा होता. शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या आणि त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या गेल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. तीच उंची, ३.०५ मीटर, आजही जगभर कायम आहे. दहा फुटांवरच्या टोपलीकडे उंच माणसे वळणारच. ती वळली आणि नियम करणारे त्यांचा फायदा पुन्हा पुन्हा छाटत राहिले. जॉर्ज मायकन आणि बॉब कर्लंड हे उंच खेळाडू रिंगकडे खाली येणारा चेंडू वरच्या वर उडवून लावू लागले, तेव्हा १९४४मध्ये अमेरिकी कॉलेजांत त्यावर बंदी आली. मायकनने पुढे एनबीए गाजवली, तर १९५१मध्ये रिंगसमोरचा तीन सेकंदांचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद झाला, म्हणजे उंच माणसाला रिंगपासून लांब उभे राहावे लागले. विल्ट चेंबरलेन आला आणि १९६४मध्ये तोच पट्टा १६ फुटांचा झाला. लू अल्सिंडर, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, कॉलेजात असताना १९६७मध्ये डंकच, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये दाबणेच, बंद करण्यात आला; ती बंदी १९७६पर्यंत टिकली. अब्दुल-जब्बारने आपला हुक शॉट घोटून घोटून असा बसवला की पुढे एनबीएत सहा वेळा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंची त्याला जन्माने मिळाली होती, हुक शॉट त्याने कमावला.

सगळ्यात खोलवर परिणाम केला तो १९७९-८०च्या हंगामात एनबीएने आखलेल्या तीन गुणांच्या रेषेने. तिचा अर्थ लीगला कळायला तीस-पस्तीस वर्षे लागली. पहिल्या हंगामात एक संघ एका सामन्यात लांबून सरासरी तीन वेळाही चेंडू फेकत नव्हता. आज हा आकडा पस्तिसाच्या पुढे आहे. हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल असा आहे. जवळून शंभर फेकींपैकी पन्नास आत गेल्या तर गुण १००. रेषेबाहेरून शंभरांपैकी छत्तीसच गेल्या तरी गुण १०८. हा हिशेब एकदा पटल्यावर रिंगखाली पाठ लावून उभा राहणारा, चेंडूची वाट पाहणारा धिप्पाड सेंटर संघाला परवडेना. शिवाय बचावात त्याला रेषेपर्यंत धावत जावे लागे आणि समोरचा चपळ, चेंडू खेळवणारा गार्ड त्याला तिथे गाठून मोकळा होई. २०१५-१६मध्ये सहा फूट दोन इंचांच्या स्टीफन करीने एका हंगामात ४०२ थ्री-पॉइंटर टाकले. निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याच्या मतपत्रिकेतून ‘सेंटर’ ही जागा त्याच्याही आधी, २०१२मध्ये, निघून गेली होती. सात फूट दोन इंचांचा रॉय हिबर्ट २०१४मध्ये ऑल-स्टार होता आणि २०१७नंतर लीगमध्ये दिसला नाही. २०२०मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने आपला उंच सेंटर दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि सहा फूट पाच इंचांच्या पी. जे. टकरला त्या जागी उभे केले.

इथे थांबलो असतो तर उंचीचे दिवस गेले असे म्हणून मोकळे होता आले असते. तसे झालेले नाही. २०१९पासून २०२४पर्यंत एनबीएच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान यान्निस अँटेटोकुम्पो, निकोला योकिच आणि जोएल एम्बीड या तिघांतच फिरला आणि तिघेही सात फुटांच्या आसपासचे आहेत. २०२३च्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव फ्रान्सच्या व्हिक्टर वेम्बान्यामाचे आले, उंची सात फूट चार इंच. उंची परत आली आहे. पण परत आलेला उंच माणूस जुना नाही. योकिच सहा फूट अकरा इंचांचा असून संघाचा मुख्य पासर आहे. त्याच्या हातून चेंडू कुठे सुटेल हे शेजारच्या खेळाडूलाही आधी कळत नाही. हा सर्बियाचा मुलगा २०१४मध्ये ४१व्या क्रमांकावर निवडला गेला, त्याचे नाव पुकारले तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. तो फार उंच उडत नाही, फार वेगाने धावतही नाही. त्याला खेळ दिसतो. वेम्बान्यामा रेषेबाहेरून फेकतो, चेंडू टप्पे देत स्वतः पुढे नेतो. सात फुटी माणसाने गार्डची कामे करायची, हा आजचा दर आहे. नुसत्या उंचीला कोणी पैसे मोजत नाही. अपवाद म्हणून रुडी गोबेअरचे नाव घेता येईल. सात फूट एक इंचाच्या या बचावपटूसाठी मिनेसोटाने २०२२मध्ये अनेक खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीचे चार हक्क देऊन टाकले. पण बचावातल्या त्याच्या जागेच्या अचूक अंदाजासाठी ती किंमत होती. तेवढ्याच उंचीची आणखी कितीतरी माणसे घरी बसली आहेत.

आता सिल्वासा. दादरा आणि नगर हवेली हा ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख. वारली, धोडिया, कोकणा ही इथली मूळची वस्ती, आणि आमली, मसाट, राखोलीच्या कारखान्यांमागे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून आलेली कामगार कुटुंबे. शाळेच्या एका वर्गात या सगळ्यांची मुले शेजारी बसतात. अशा शाळेत बास्केटबॉलच्या संघाची निवड कशी होते ते एकदा जवळून पाहावे. भिंतीवर खडूने आडव्या रेघा मारलेल्या असतात. मुले चपला काढून एकेक करून भिंतीला टाचा लावतात, डोक्यावर पट्टी ठेवली जाते, वहीत आकडा पडतो. काही मुले मान ताणतात, एखादा टाचा किंचित उचलतो आणि ओरडा खातो. मग उंच मुले एका बाजूला, बाकीची दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूच्या मुलांना त्या दिवशी चेंडू हातात मिळतोच असे नाही. शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. त्याच्याकडे एक सकाळ असते, मैदानभर मुले असतात, आणि वरून मागवलेल्या तक्त्यात उंचीचा रकाना नावाच्या लगेच पुढे असतो. महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांतही उंची-वजन आहेच. ते मोजू नये असे आमचे म्हणणे नाही. आधी काय मोजायचे, हा प्रश्न आहे.

कारण बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर पट्टी ठेवतो तेव्हा आपण त्याचा खेळ मोजत नसतो. काही अंशी त्याचे आईबाप मोजत असतो, आणि पुष्कळ अंशी तो दोन वर्षांचा असताना त्याच्या ताटात काय पडले ते मोजत असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या केंद्रशासित प्रदेशात पाच वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे जवळजवळ चार मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हे खुजेपण रक्तातून आलेले नाही. आईच्या गरोदरपणापासून पहिल्या दोन-अडीच वर्षांत अन्न कमी पडले, जुलाब-तापाने वारंवार गाठले की हाडांची वाढ मागे पडते आणि नंतर ती पूर्ण भरून येत नाही. दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची एका शतकात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. रक्त तेच होते, ताट बदलले. खानवेल-दुधनीकडच्या पाड्यावरची मुलगी उंचीच्या रेघेखाली राहिली म्हणून तिला बाजूला काढले जाते, तेव्हा जिने लहानपणी उपास सोसला तिलाच दुसऱ्यांदा शिक्षा होते. हे अन्यायाचे आहे आणि ते तसेच म्हटले पाहिजे.

शिवाय बाराव्या वर्षीची उंची फसवी असते. कुणी लवकर वयात येतो, दोन वर्षे वर्गात सगळ्यांहून उंच दिसतो आणि मग थांबतो. कुणी उशिरा उसळी घेतो. विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलने दहावीतल्या मायकल जॉर्डनला मुख्य संघात घेतले नाही. संघाला उंची हवी होती म्हणून त्याच्याहून बराच उंच असलेला त्याचा मित्र लेरॉय स्मिथ आत गेला. जॉर्डन कनिष्ठ संघात खेळत राहिला, म्हणून निदान चेंडू त्याच्या हातून सुटला नाही. अँथनी डेव्हिस शाळेत सहा फूट दोन-तीन इंचांचा गार्ड होता. मग दीडएक वर्षात तो वीतभर वाढला. गार्ड म्हणून शिकलेले सगळे त्या वाढलेल्या शरीरात शाबूत राहिले आणि २०१२च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला. तो शाळेत असतानाच उंच असता तर कदाचित कुणी त्याला चेंडू घेऊन पळायला शिकवलेच नसते. उंच मुलाचेही या पद्धतीत नुकसान होते, हे विसरू नये. त्याला पहिल्या दिवसापासून रिंगखाली उभे करतात, हात वर ठेवायला सांगतात, टप्पा मारला तर ओरडतात. पाच-सहा वर्षांनी खेळ त्याच्याकडून पास मागतो, लांबची फेक मागतो, आणि ते त्याच्या हातांना ठाऊक नसते.

आशिया खंडातल्या बुटक्या देशांनी काय करावे, याचे उत्तर जपानच्या मुलींनी देऊन ठेवले आहे. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले. त्यांच्या संघात १.९० मीटर उंचीची एकही खेळाडू नव्हती. उपांत्य सामन्यात फ्रान्सच्या थोराड संघाला त्यांनी ८७-७१ असे हरवले, आणि त्या सामन्यात १.६२ मीटर उंचीच्या रुई माचिदाने १८ असिस्ट, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. ऑलिंपिकमधला तो विक्रम ठरला. १.६२ मीटर म्हणजे पाच फूट चार इंच. एवढ्या उंचीच्या मुली सिल्वासाच्या कोणत्याही कॉलेजात सापडतील. माचिदाचे पास मात्र रोजच्या तालमीशिवाय सापडत नाहीत. प्रशिक्षक टॉम होवासे यांनी संघाची उंची आहे तेवढी धरली आणि वेग, सतत हालचाल, पाचही जणींची लांबची फेक यांवर खेळ उभा केला. अंतिम सामन्यात अमेरिकेने त्यांना ९०-७५ असे हरवले. उंचीपुढे कौशल्य नेहमीच जिंकते, असा दावा आम्ही करत नाही. कौशल्य सारखे असले तर उंच माणूसच जिंकतो, आणि एनबीएतली सरासरी उंची आजही साडेसहा फुटांच्या आसपास आहे. पण भारत ज्या पायरीवर उभा आहे तिथून टोकियोतल्या रौप्यपदकापर्यंतचे अंतर उंचीने अडवलेले नाही.

उंचीवाचून खेळाडू घडतात, याचे जुने उदाहरण शेजारच्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या नागपाड्यात १९२०च्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नेबरहूड हाऊस उभे केले. दाट वस्ती, गरीब कुटुंबे, मधोमध एक कोर्ट. त्या वस्तीने भारतीय संघाला खेळाडू दिले; अब्बास मुन्तसिर यांना १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाड्यात उंच माणसांची पैदास होत नव्हती. तिथे कोर्ट दारात होते आणि शाळा सुटली की मुले त्यावर असत. मोठ्यांचा खेळ बघत लहान मुले शिकत. सिल्वासाला आणि खानवेलला हे करता येणार नाही असे काही नाही. इथल्या आश्रमशाळांतल्या मुली खो-खोत ज्या झपाट्याने दिशा बदलतात, खुंटाला वळसा घालून जशा निसटतात, ते पाहिलेल्या कोणत्याही बास्केटबॉल प्रशिक्षकाला त्या पायांचा मोह पडावा.

मग काय करावे? पहिली गोष्ट अगदी लहान आहे. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू पाच नंबरचा. आपल्या बहुतेक शाळांत मात्र एकच खांब असतो, तोही मोठ्यांचा, आणि सात नंबरचा जड चेंडू. दहा वर्षांचा पोरगा तो चेंडू दोन्ही हातांनी कमरेपासून, गुडघे वाकवून, सगळ्या अंगाने वर भिरकावतो. बोर्डाला लागला तरी टाळ्या पडतात. पण मनगटाची फेक त्याला कधीच बसत नाही, कारण चेंडू पेलण्यातच त्याचे बळ संपते. मोठेपणी ही खोड सुटत नाही. उंचीचा अर्धा बोभाटा इथूनच सुरू होतो. रिंग मुलाच्या आवाक्याबाहेर टांगली की ज्याचा हात तिच्या जवळ जातो तोच खेळाडू वाटू लागतो. रिंग खाली आणा, चेंडू हलका करा, मग कुणाला खेळ येतो ते दिसेल.

दुसरी गोष्ट निवडीची. आधी प्रत्येक मुलाला चेंडू द्या. डाव्या-उजव्या हाताने टप्पा, धावत पास, ले-अप, बचावात पावले टाकणे, हे काही आठवडे सगळ्यांना शिकवा. नंतर निवड करा आणि उंचीचा रकाना सगळ्यात शेवटी भरा. उंच मूल सापडले तर आनंदच आहे, पण त्यालाही गार्डसारखेच वाढवा. थ्री बाय थ्रीचा प्रकार या कामी फार उपयोगी आहे. अर्धे कोर्ट, तीन-तीन खेळाडू, बारा सेकंदांत फेक; त्यात प्रत्येकाला सगळी कामे करावीच लागतात. २०२१पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे आणि त्यासाठी एकच रिंग पुरते.

पालकांना उगाच स्वप्ने दाखवू नयेत, हेही इथेच सांगायला हवे. भारतात व्यावसायिक बास्केटबॉल म्हणजे अजून बव्हंशी खेळाडू कोट्यातली नोकरी आहे, रेल्वेत, पोलिसांत, सैन्यदलांत किंवा ओएनजीसीसारख्या कंपनीत. त्या मोजक्या जागांसाठी पंजाब-हरियाणाची उंच मुले आणि तामिळनाडू-केरळची घोटलेली मुले रांगेत आहेत. सिल्वासातला एखादाच तिथवर जाईल. पण खेळणाऱ्या सगळ्यांनी नोकरीपर्यंत पोहोचलेच पाहिजे, अशी अट आपण क्रिकेटला कधी घातली नाही. बास्केटबॉललाही घालू नये.

इथल्या प्रशासनाकडे मैदाने आहेत. इथल्या मोठ्या कारखान्यांना कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५खाली सामाजिक कामांवर खर्च करावा लागतो, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत आहे. दोघांनी मिळून येत्या वर्षी प्रत्येक आश्रमशाळेत २.६० मीटरवर दोन रिंग बसवाव्यात, पाच नंबरचे चेंडू द्यावेत आणि ते शिकवणाऱ्या शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा. त्याच्याच बरोबरीने अंगणवाडीतल्या ताटात अंडे आणि डाळ रोज पडते की नाही, याकडेही लक्ष द्यावे. दहा वर्षांनी भिंतीपाशी उभी राहणारी मुले आज तिथे जेवत आहेत.